खिंडीत सापडलेलं प्रमेय

लग्नाच्या मांडवात शेजारी बसलेल्या पाहुण्याने “आपण काय करता?” असं विचारलं, की पस्तीस वर्षं माझं एकच उत्तर ठरलेलं होतं: “कॉलेजात गणित शिकवतो.” त्यावर पाहुणा एक तर आपण गणितात पहिल्यापासून कच्चे असल्याचं मोठ्या अभिमानाने सांगे, नाही तर पुतण्याला दहावीला गणितात किती पडले ते सांगे. दोन्ही ऐकून घ्यायला सोपं. पण चुकून कधी मी “भूमितीत संशोधन करतो” म्हणालो, की पंचाईत होई. पिंपळवंडीतले माझे थोरले चुलतभाऊ आप्पा एकदा मला म्हणाले, “भूमितीत आता काय शोधायचं राह्यलंय रे? त्रिकोन घावला, चौकोन घावला, गोल घावला. आनखी काय?”

“आप्पा, वाकडं राहिलंय.”

“ते व्हय? ते तर आपल्या रानात बी लई हाये. येऊन बघ की.”

आप्पांचं म्हणणं अगदीच काही चुकीचं नव्हतं. माझा विषय वाकड्याचाच. शाळेत आपण शिकतो ती सपाट कागदावरची भूमिती. पण जग सपाट नाही. टेकडी, मडकं, कलिंगड, डोंगरातली खिंड, यांच्या पाठीवर त्रिकोण काढला तर त्याचे तीन कोन मिळून एकशे ऐंशी अंश होत नाहीत. कुठे जास्त भरतात, कुठे कमी. किती जास्त, किती कमी, यावरून त्या जागेची वक्रता मोजता येते. मग गणिती लोक आणखी पुढे जातात. डोळ्यांनी दिसणाऱ्या पृष्ठभागावर ते थांबत नाहीत. तीन, चार, कितीही मिती असलेली वक्र अवकाशं कल्पून त्यांचा हिशेब मांडतात. कॉलेजच्या भाषेत याला डिफरन्शियल जॉमेट्री म्हणतात. आमच्या घरी याला “ह्यांचं ते वाकडं” म्हणत.

नोकरी आंबेगाव तालुक्यातल्या एका कॉलेजात, घर पिंपळवंडीला. रोज मोटारसायकलवर जाऊन येऊन. एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात पोचेपर्यंत डोक्यात एखादं समीकरण सुटायचं किंवा जास्तच गुंतायचं. दोनदा रस्ता सोडून कांद्याच्या वावरात गेलो, तेव्हापासून बायकोने, शालिनीने, “गाडीवर गणित नाही” असा नियमच केला. तो मी बहुतेक वेळा पाळला.

या नोकरीत गिऱ्हाईक म्हणावं असं कुणी येत नाही. वकिलाकडे पक्षकार येतात, डॉक्टरकडे पेशंट. वक्र अवकाशाच्या तज्ज्ञाकडे कोण कशाला येईल? तरी एक जण आला.

बोरी बुद्रुकचा विलास. वय चाळिशीच्या आतबाहेर, द्राक्षबाग, दोन पॉलिहाऊस, आणि डोक्यात सतत काहीतरी नवीन. तो एका रविवारी सकाळी घरी आला आणि चहा येण्याआधीच म्हणाला, “सर, तुमी गोलाचं गनित शिकवता म्हनं.”

“गोलाचं असं नाही. वाकड्याचं.”

“मंग तर लईच बरं. आमचं वाकडंच झालंय.”

झालं होतं ते असं. विलासला कृषी पर्यटन काढायचं होतं. साधं लांबोळकं पॉलिहाऊस सगळ्यांकडेच असतं, म्हणून त्याने घुमटाच्या आकाराचं बांधायला घेतलं. अर्धा चेंडू उपडा घातल्यासारखं. आत ऑर्किड लावायची, नवरा-नवरीचे फोटो काढायचे, असा सगळा बेत. पाइपांचा सांगाडा झकास उभा राहिला. पण वर प्लॅस्टिक चढवलं, तेव्हा ते बसेना. एकीकडे ताणलं की दुसरीकडे चुण्या, तिकडे ताणलं की इकडे झोळ. फिटर म्हणाला प्लॅस्टिकमध्ये खोट आहे. दुकानदार म्हणाला फिटर अडाणी आहे. तीन दिवस त्या घुमटाखाली नुसती भांडणं चालली होती.

“तुमी एकदा येऊन सांगा, चूक कुनाची,” विलास म्हणाला.

गेलो. वावरात फिटर आणि दुकानदार दोघेही हजर होते, एकमेकांकडे पाठ करून. मी विलासला घरातून एक कलिंगड आणि वर्तमानपत्र आणायला सांगितलं. लोकांना वाटलं सर आता नाश्ता करणार. मी वर्तमानपत्राचं पान फिटरच्या हातात दिलं आणि म्हटलं, “हे कलिंगडाला गुंडाळा. एकसुद्धा चुणी पडता कामा नये.”

त्याने प्रयत्न केला, दुकानदाराने केला, विलासच्या वडिलांनीही केला. चुण्या पडल्याच. मग मी तेच पान एका पाइपाभोवती गुंडाळलं. ते गुळगुळीत बसलं.

“पाइप एकाच बाजूने वाकलेला असतो,” मी म्हणालो. “दुसऱ्या बाजूने तो सरळ आहे. म्हणून सपाट कागद त्याच्यावर निमूट बसतो. तुमचं नेहमीचं पॉलिहाऊस तसंच, पाइप उभा चिरून आडवा ठेवल्यासारखं. घुमट मात्र दोन्ही बाजूंनी वाकतो. सपाट वस्तू ताणल्याशिवाय किंवा कापल्याशिवाय त्याच्यावर कधीच बसणार नाही. तुम्ही कुठलंही प्लॅस्टिक आणा, कुठलाही फिटर आणा. चूक कुणाचीच नाही. आकाराचा गुण आहे.”

फिटरने दुकानदाराकडे पाहिलं. दुकानदाराने कलिंगडाकडे पाहिलं.

“म्हंजी देवाची चूक,” विलास म्हणाला.

“देवालाही ते जमणार नाही. तसं सिद्धच झालंय.”

उपाय सोपा होता. संत्र्याच्या सालीच्या फाकांसारख्या प्लॅस्टिकच्या निमुळत्या पट्ट्या कापायच्या आणि सांधायच्या. पट्टी जितकी अरुंद, तितकी तिची कुरकुर कमी. मी वहीच्या पानावर पट्टीचा आकार काढून मापं दिली. घुमट झाला. चुण्या अगदीच राहिल्या नाहीत असं नाही, पण फोटोत दिसत नाहीत. पुढे कित्येक दिवस नारायणगावच्या बाजारात लोक मला “घुमटवालं सर” म्हणून ओळखत. जवळजवळ दोनशे वर्षं जुनं गणित कुणाच्या तरी कामाला आलं, याचा आनंद मला झाला. खोटं कशाला सांगू, माझ्या स्वतःच्या संशोधनाने आजपर्यंत कुणाचा एक पाइपसुद्धा सरळ किंवा वाकडा झालेला नाही.

त्याच आठवड्यात मी एक कलिंगड घेऊन एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात गेलो. वर्गात अकरा जण. कलिंगडाच्या देठाकडच्या टोकाला एक काडीपेटीची काडी टाचणीने टेकवून तिचं तोंड एका दिशेला केलं, आणि ती काडी न वळवता हळूहळू खाली सरकवत कलिंगडाच्या पोटापर्यंत नेली. तिथून पोटाच्या कडेने पाव वळसा, मग पुन्हा वर टोकापर्यंत. सगळ्या प्रवासात काडी स्वतःभोवती कुठेही वळू दिली नाही. तरी परत आल्यावर तिचं तोंड काटकोनात फिरलेलं होतं.

“कोणी फिरवलं?” मी विचारलं.

मग तिसऱ्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “सर, कलिंगडानं.”

ती मनीषा. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगरात तिचं गाव. घरी भात आणि नाचणी. पहिल्या वर्षभरात ती वर्गात एकदाही बोललेली मला आठवत नव्हती. त्या दिवशी तिने लगेच दुसरा प्रश्न विचारला: “सर, समजा एक मुंगी ह्या कलिंगडावरच जन्मली. तिनं कलिंगड बाहेरून कधी बघितलंच नाही. तिला कळंल का, की आपण वाकड्यावर राहतो?”

पस्तीस वर्षांत मला वर्गात विचारला गेलेला हा सर्वांत चांगला प्रश्न. मी म्हटलं, “कळेल. तीही अशीच काडी घेऊन फिरून येईल आणि काडी फिरलेली दिसेल. वक्रता बघायला बाहेर जावं लागत नाही. आपला सगळा विषय या एका वाक्यावर उभा आहे.”

त्यानंतर ती रोज प्रश्न विचारू लागली. पाठ्यपुस्तक संपलं, तेव्हा मी तिला माझा छापून आलेला शोधनिबंध वाचायला दिला. तिला दिवाळीच्या सुट्टीत वाचायला काही हवं होतं, आणि खरं सांगायचं तर मला तो कुणीतरी वाचायला हवा होता.

त्या निबंधाबद्दल थोडं सांगायला हवं. मडकं आपल्या आसाभोवती फिरवलं तर ते जसंच्या तसं दिसतं. फिरलं की नाही, हेच कळत नाही. अंतरं न बदलता एखादी वस्तू अशी स्वतःवरूनच सरकू शकते, याला आम्ही सममिती म्हणतो. चेंडू वाटेल तसा फिरवता येतो, त्याच्याकडे सममिती भरपूर. सातगाव पठाराच्या बटाट्याकडे एकही नाही. माझा प्रश्न होता, वक्रतेवरून सममिती ओळखता येते का? घुमटासारखी जागा, सपाट जागा आणि खिंडीसारखी जागा, म्हणजे दोन बाजूंना चढ आणि दोन बाजूंना उतार, हे वक्रतेचे तीन ढोबळ प्रकार. जे अवकाश आटोपशीर आहे, ज्याला काठ नाही, जे कुठेही घुमटासारखं फुगत नाही आणि निदान एका ठिकाणी तरी खिंडीसारखं वाकतं, ते स्वतःवरून सरकूच शकत नाही, असं मी सिद्ध केलं होतं. त्या एका खिंडीत ते जणू अडकून पडतं. हे माझं प्रमेय.

या प्रमेयाला माझी नऊ वर्षं लागली. शिकवण्या, पेपर तपासणी, निवडणुकीची ड्यूटी, आईचं आजारपण, सगळ्यातून चोरून काढलेली नऊ वर्षं. त्यावरच पीएच.डी.चा प्रबंध. वय सत्तेचाळीस. दोन परीक्षकांचे चांगले अहवाल आले होते आणि डिसेंबरात तोंडी परीक्षेची तारीख लागली होती. शालिनीने नातेवाइकांना सांगून टाकलं होतं. आप्पांनी नवीन टोपी घेतली होती.

दिवाळीची सुट्टी संपली. कॉलेज सुरू झालं. मनीषा आली नाही. आठवडा गेला, दुसरा आठवडा गेला. मैत्रिणींना विचारलं तर म्हणाल्या, भात काढायचं काम असेल. पण फोन लावला तर ती उचलत नव्हती. हुशार मुली अशा अचानक गळतात ते मी बऱ्याचदा पाहिलं होतं आणि प्रत्येक वेळी उशीर केला होता. या वेळी शनिवारी सकाळी गाडी काढली.

रस्ता धरणाच्या कडेकडेने वर चढतो. गाव म्हणजे पाचपंचवीस घरं. मनीषाचं घर सगळ्यात वर. अंगणाशेजारच्या खळ्यावर भाताची झोडणी चालली होती. तिचे वडील किसनभाऊ पेंढी फळीवर आपटत होते. मला बघून त्यांनी हातातली पेंढी खाली ठेवली आणि तांब्याभर पाणी आणलं. तिची आई म्हणाली, “बरं झालं सर तुमी आला. पोर म्हनती कालेजला जायाचं न्हाई. का, तर सांगत न्हाई. आमी काय बोललो बी न्हाई तिला. जा म्हनतोय, तरी जात न्हाई.”

मनीषा घरातून बाहेर आली. हातात माझा निबंध होता. पानं हाताळून मऊ झालेली.

“काय झालं गं?” मी विचारलं.

तिने पानांचे दुमडलेले कोपरे सरळ केले. मग म्हणाली, “सर, तुमची परीक्षा कधी आहे?”

“डिसेंबरात. त्याचं काय?”

“मग मी परीक्षा झाल्यावर येणार होते.”

“अगं, माझ्या परीक्षेचा आणि तुझ्या कॉलेजचा संबंध काय?”

तिने निबंध माझ्यापुढे धरला. चौदाव्या पानावर पेन्सिलने एक बारीकसं प्रश्नचिन्ह होतं. इतकं बारीक, की काढतानाही तिला संकोच वाटला असावा. ती म्हणाली, “सर, ती वरची खिंड बघा.” गावाच्या डोक्यावर दोन सुळक्यांच्या मधे खिंड होती, पलीकडे कोकण. “समजा एक असं अवकाश आहे, ज्याच्यात सगळीकडं खिंडच खिंड आहे. त्याच्या प्रत्येक बिंदूवर मी एकेक बांगडी ठेवली. सगळ्या एकसारख्या. आता खिंडीतली जागा अधिक बांगडीवरची जागा, असं मिळून एक नवीन अवकाश झालं. ते कुठंच फुगत नाही. खिंड तर त्याच्यात आहेच.” मग तिने आपल्या मनगटातली काचेची बांगडी दोन बोटांनी धरून हळूच फिरवली. “आणि सगळ्या बांगड्या एकदम अशा फिरवल्या, तर अंतरं कुठंच बदलत नाहीत. म्हणजे ते सरकलं ना, सर?”

मला ते त्याच क्षणी कळलं. इतकी वर्षं गणित केलेल्या माणसाला असं काही कळायला वेळ लागत नाही. अकराव्या पानावर मी लिहिलं होतं, “एखाद्या दिशेने खिंडीसारखं.” चौदाव्या पानावर पोचेपर्यंत त्याचं “प्रत्येक दिशेने” झालं होतं. माझ्या नकळत. एक शब्द. बांगडीच्या दिशेने खिंड नव्हतीच, तिथे सगळं सपाट होतं, आणि त्या सपाट वाटेने माझं प्रमेय घसरून गेलं होतं.

कळलं, आणि तरीही मी काय म्हणालो ते आजही लिहायला जड जातं. मी म्हणालो, “मनीषा, हे तुला वाटतं तितकं सोपं नसतं. दोन मोठ्या परीक्षकांनी वाचलंय हे. आधी नीट अभ्यास कर, मग चुका काढ.” तिच्या हातातून निबंध घेतला आणि गाडीकडे चालू लागलो. मागून तिची आई “सर, चहा टाकलाय,” म्हणत होती. मी चहा घेतला नाही.

पुढचे तीन दिवस मी मनीषाची चूक शोधत होतो. कॉलेजात रजा टाकली. तिची बांगडी मी उलटी केली, सुलटी केली, वाकवली, तिच्या अवकाशाला कुठे काठ लपलाय का ते पाहिलं. बांगडीला तडा गेला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी शालिनीने ताट समोर ठेवलं आणि मी भाताच्या ढिगात बोटाने खिंड करत बसलो. ती म्हणाली, “तुम्ही जेवताय की अजून त्या पोरीशी भांडताय?”

मी तिला सगळं सांगितलं. खळ्यावर काय बोललो तेही सांगितलं. प्रमेय चुकलं हे ऐकून तिचा चेहरा बदलला नाही. दुसरं ऐकून बदलला.

“प्रमेयाचं काय ते तुम्ही बघा,” ती म्हणाली. “पण तुमची परीक्षा बिघडू नये म्हणून त्या पोरीने कॉलेज सोडलं होतं, आणि तुम्ही चहा न घेता आलात?”

स्टाफरूममधल्या एका सहकाऱ्याला मी चूक बोलून दाखवली, तर त्याने दार लोटून घेतलं. “गप्प बसा,” तो म्हणाला. “महिना राहिलाय. परीक्षकांना कळलं नाही, छापणाऱ्यांना कळलं नाही. पदवी घ्या, मग काय सुधारायचं ते सुधारा.” तो माझ्या भल्याचंच बोलत होता. आणि मी ते ऐकून लगेच नाही म्हणालो नाही. एक आख्खी दुपार मी त्या सल्ल्यावर विचार केला. मोटारसायकलवर घरी येताना केला, नियम मोडून. पण प्रमेय खोटं आहे हे एकदा कळल्यावर परीक्षकांसमोर उभं राहून ते खरं असल्यासारखं कसं सांगायचं, हे मला काही केल्या दिसेना. गणितात एक बरं असतं. खोटं आहे हे कळलेलं विधान पुन्हा खरं वाटायला लावता येत नाही.

पुण्यातल्या माझ्या मार्गदर्शकांना फोन केला. एका मुलीने काढलेलं बांगडीचं उदाहरण त्यांनी ऐकलं. पलीकडून पानं चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाले, “मीही चारदा वाचलं होतं ते पान.” आणि पाठोपाठ, “कुठल्या विद्यापीठातली आहे ती?”

“माझी विद्यार्थिनी आहे, सर.”

“मग तुम्ही मास्तर चांगले आहात,” ते म्हणाले. “प्रबंध परत मागवू. विद्यापीठाला लिहायच्या पत्राचं मी बघतो.”

तोंडी परीक्षा रद्द झाली. नियतकालिकाला मी स्वतः पत्र लिहिलं आणि त्यांनी पुढच्या अंकात एका ओळीचं निवेदन छापलं, की लेखकाने आपला निबंध चूक आढळल्यामुळे मागे घेतला आहे. आप्पांना कळवलं, तर ते म्हणाले, “येवढं वाकडं शोधलं आन ते बी वाकडंच निघालं व्हय? ऱ्हाऊ दे. टोपी कुठं जाती?”

पण हे सगळं नंतरचं. फोन ठेवल्यावर पहिल्यांदा मी पुन्हा डोंगरात गेलो. या वेळी शालिनी बरोबर होती, मागच्या सीटवर, मांडीवर करंज्यांचा डबा घेऊन. मनीषा खळ्यावर भात वारवत होती. मला बघून तिने सूप खाली ठेवलं आणि आत जायला निघाली.

“मनीषा,” मी तिथूनच म्हणालो, “तुझं बरोबर आहे. माझं चुकलंय. पानावर चुकलं, आणि परवा इथे त्याहून जास्त चुकलं.”

तिला रडू आलं. किसनभाऊ गोंधळून गेले. “सर, येक सांगा,” ते म्हणाले, “ह्या गनितात चूक हिनं केली का तुमी?”

“मी.”

“मंग ही का रडती?”

शालिनी पुढे होऊन तिच्या शेजारी बसली. चहा आला. त्या दिवशी मी दोन कप घेतले.

सोमवारी मनीषा कॉलेजात आली. त्यानंतरची दीड-दोन वर्षं माझ्या सगळ्या नोकरीतली सर्वांत सुखाची. दर शनिवारी आम्ही वर्गातल्या फळ्यासमोर बसायचो. पुढे ती पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी.ला लागली, तेव्हाही महिन्यातून एकदा शनिवारी यायची. ज्या प्रकारच्या अवकाशांवर मी काम करत होतो, त्यांत प्रमेय खरं करायचं तर खिंड प्रत्येक दिशेने हवी, हे लगेच दिसलं. पण तिला तेवढ्यावर थांबायचं नव्हतं. ती म्हणाली, “सर, बांगडीनं प्रमेय मोडलं. पण आणखी कशाकशानं मोडतं?” प्रश्न साधा, उत्तराला चौदा महिने. उत्तर निघालं, की दुसऱ्या कशानेही मोडत नाही. तसलं अवकाश सरकत असेल तर जवळून पाहिल्यावर त्यात बांगडीसारखी एक सपाट दिशा वेगळी काढता येतेच, आणि सरकायला तेवढी एकच वाट असते. माझ्या जुन्या प्रमेयापेक्षा हे कितीतरी सुंदर होतं, आणि मुख्य म्हणजे खरं होतं. निबंध दोघांच्या नावाने छापला. नावं वर्णानुक्रमे लावायची पद्धत असते, त्यात तिचं पहिलं आलं. पद्धत नसती तरी मी तेच केलं असतं.

खंत आहे का? आहे. खळ्यावरच्या त्या दोन वाक्यांची आहे, आणि राहील. माझ्या आधीच्या वर्गांत असे किती प्रश्न आले असतील आणि मी “अभ्यासक्रमात नाही” म्हणून बाजूला सारले असतील, याचीही आहे. गणिताची नाही. मोठं नाव झालं नाही, मोठं काम झालं नाही. एक छोटं खरं प्रमेय झालं, त्यात मी समाधानी आहे.

नव्याने लिहिलेल्या प्रबंधाची तोंडी परीक्षा पुण्यात झाली, तेव्हा मी पन्नाशी गाठली होती. खोली बेताचीच. माझे मार्गदर्शक, शालिनी, आप्पा, कॉलेजचे चार जण, आणि तिसऱ्या रांगेत मनीषा व तिच्या शेजारी किसनभाऊ. ते पहाटेच्या एसटीने आले होते, पायाशी नव्या तांदळाची पिशवी. परीक्षक दक्षिणेतले, वयस्क, फार कमी बोलणारे. मी तासभर बोललो. बांगडीच्या उदाहरणापाशी आलो, तेव्हा त्यांनी हात वर केला.

“हे फार सुरेख आहे,” ते इंग्रजीत म्हणाले. “हे तुम्हाला कसं सुचलं?”

“मला सुचलं नाही,” मी म्हणालो. “जिला सुचलं ती इथे बसली आहे. तुमची हरकत नसेल तर तीच सांगेल.”

परीक्षक मार्गदर्शकांकडे बघून हसले आणि त्यांनी मान हलवली. मनीषा उठली. तिने फळ्यापाशी येऊन माझ्या हातातला खडू घेतला. मग तिने एक खिंड काढली, आणि तिच्यावर एक बांगडी. मी खाली आलो आणि तिच्या रिकाम्या खुर्चीवर बसलो. ती दहा मिनिटं बोलली. परीक्षकांनी तीन प्रश्न विचारले, तिसरा अवघड होता. त्याचंही तिने उत्तर दिलं. परीक्षक माझ्याकडे वळून म्हणाले, “उमेदवाराचं यावर काही म्हणणं?”

“ती म्हणते ते बरोबर आहे,” मी म्हणालो. सगळी खोली हसली.

किसनभाऊंना त्यातलं इंग्रजी कळत नव्हतं, गणित कळत नव्हतं. ते एकटक फळ्याकडे बघत होते. परीक्षकांनी उठून माझा हात हातात घेतला, मग मनीषाचाही, आणि लोक टाळ्या वाजवू लागले, तेव्हा ते माझ्या कानाशी वाकले.

“सर, पास झाला का तुमी दोघं?”

“मी झालो, किसनभाऊ,” मी म्हणालो. “ती तुमच्या खळ्यावरच झाली होती.”